संगणक उघडेना तेव्हा : लिनक्सवरील रुग्णनोंदी कशा वाचवाव्यात

काही वर्षांपूर्वी चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात लाटंबार्से परिसरात रात्रभर विजेचा लपंडाव चालला होता. सकाळी दवाखाना उघडून संगणक सुरू केला, तर नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'इनिटरॅमएफएस' असा एक शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारी एक रेघ. पुन्हा बंद करून चालू केला, तरी तेच. बाहेर बाकावर रुग्ण बसलेले. त्यांत गुडघेदुखीसाठी आलेल्या एक वयस्क बाई होत्या. पूर्वी एका वेदनाशामक गोळीने त्यांच्या अंगावर पुरळ उठून ओठ सुजले होते. ती गोळी कोणती, हे त्यांना आठवत नव्हते आणि मलाही आठवत नव्हते. आठवत होते ते फक्त त्या संगणकाला. साधे पॅरासिटामोल देऊन मी त्यांना दोन दिवसांनी यायला सांगितले.

दुपारी दुरुस्तीसाठी बोलावलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत निदान केले : ''डॉक्टरसाहेब, फॉरमॅट मारावा लागेल.'' आत सात वर्षांच्या नोंदी आहेत असे सांगितल्यावर ते म्हणाले, ''त्या गेल्याच समजा.'' मी त्यांचे आभार मानून त्यांना चहा दिला आणि संगणकास हात लावू दिला नाही. त्या नोंदी गेलेल्या नव्हत्या. पुढील तीन दिवसांत जे शिकलो आणि त्यानंतर इतरांच्या संगणकांवर जे अनुभवास आले, ते व्यवसायबंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो. संगणक सुरू न होणे आणि त्यातील फाइली नष्ट होणे या दोन अगदी भिन्न घटना आहेत, हे एकदा मनात ठसले की पुढचे सारे सोपे होते.

लिनक्स ही प्रणाली आपल्याकडे अपरिचित नाही. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला. पुढे परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने परदेशातील वापरलेले संगणक गोव्यातील शाळांत आणण्यात आले, तेव्हा त्यांवर लिनक्सच बसविले गेले. ती जुन्या यंत्रावर चालणारी आणि परवान्याचे शुल्क नसलेली प्रणाली होती. वैद्यकीय क्षेत्रात तर तिचे स्थान अधिकच दृढ आहे. २००४ पासून विकसित होत आलेली 'ओपनएमआरएस' ही रुग्णनोंदींची मुक्त प्रणाली आणि तिच्या आधारावर उभे राहिलेले 'बाह्मनी' हे रुग्णालय-व्यवस्थापन लिनक्सवर चालते. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयात बाह्मनीचा आरंभ झाला. तात्पर्य, लहान दवाखान्यापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत आपल्या नोंदी ज्या यंत्रात असतात, त्यावर लिनक्स असण्याचा संभव बराच आहे. आपणास त्याची कल्पना नसली तरी.

संगणक सुरू होतो म्हणजे नेमके काय होते? बटण दाबताच मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राम जागा होतो व हार्ड डिस्क शोधतो. डिस्कवरील 'ग्रब' नावाचा छोटा प्रोग्राम लिनक्सचा गाभा स्मृतीत आणतो. गाभ्याबरोबर एक तात्पुरती लहानशी व्यवस्था येते. तिचेच नाव इनिटरॅमएफएस. ती मुख्य फाइलव्यवस्था शोधून जोडते आणि मग बाकीच्या सेवा एकामागून एक सुरू होऊन आपल्यापुढे चित्र उमटते. या साखळीतील कोणताही दुवा तुटला की संगणक 'उघडत नाही'. आपल्या फाइली मात्र साखळीच्या शेवटच्या टोकास, डिस्कवर, जशाच्या तशा असतात. दवाखान्याच्या दाराचे कुलूप बिघडले म्हणून आतले केसपेपर जळत नाहीत, तसेच हे.

म्हणून पडद्यावर काय दिसते ते प्रथम लिहून घ्यावे किंवा मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे. तेच पहिले लक्षण. 'ग्रब रेस्क्यू' अशी अक्षरे दिसली तर ग्रबला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत असा अर्थ. अशा वेळी नोंदी बहुधा सुखरूप असतात. 'कर्नल पॅनिक' म्हणून सारे थांबले, तर प्रणालीचे अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेली असण्याची दाट शक्यता. परवलीचा शब्द बरोबर देऊनही पुन्हा पुन्हा तोच प्रश्न समोर येत असेल, तर डिस्क शंभर टक्के भरली आहे का, हे पाहावे. एका परिचितांच्या दवाखान्यात याच कारणासाठी नवा संगणक विकत घेण्यापर्यंत मजल गेली होती! माझ्याप्रमाणे इनिटरॅमएफएसवर गाडी अडली असेल, तर फाइलव्यवस्थेत विसंगती आली असून तिची तपासणी हाताने करावी, असे यंत्र सांगत असते. परंतु डिस्कमधून टिक्-टिक् असा आवाज येत असेल, अथवा मदरबोर्डला डिस्क दिसतच नसेल, तर प्रकरण निराळे. तेथे ताबडतोब वीज बंद करावी. त्याविषयी पुढे लिहितोच.

या टप्प्यावर सर्वांत मोठा धोका असतो तो आपल्याच घाईचा. इनिटरॅमएफएसच्या पडद्यावर 'एफएससीके' ही तपासणीची आज्ञा देऊन प्रत्येक प्रश्नास 'होय' म्हणावे, असा सल्ला सर्वत्र मिळतो आणि दहांतल्या बहुतेक वेळा तो लागूही पडतो. तथापि एफएससीकेचे काम फाइलव्यवस्था सुसंगत करणे एवढेच आहे. आपली अमुक फाइल वाचावी अशी त्यास काळजी नसते. जो भाग त्यास जुळत नाही, तो ते कापून टाकते किंवा 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात क्रमांक देऊन फेकते. डिस्कच आजारी असेल तर ही शस्त्रक्रिया तिला सोसत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी प्रत काढणे, नंतर दुरुस्ती. नवी प्रणाली बसविणे, फॉरमॅट करणे, 'एकदा करून बघू' म्हणून काही लिहिणे, हे सारे प्रत हाती येईपर्यंत वर्ज्य.

प्रत काढण्यासाठी आत शिरायचे कसे? पुढचे दार बंद असेल तर मागचे दार वापरावे. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये 'नॉपिक्स' ही सीडी प्रसिद्ध केली. संगणकाच्या डिस्कला स्पर्श न करता संपूर्ण लिनक्स सीडीवरूनच चालते, हे तिने सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या हाती दिले. आज सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. दुसऱ्या चालू संगणकावर उबुंटू किंवा 'सिस्टमरेस्क्यू' यांची प्रतिमा-फाइल उतरवून घ्यावी आणि ८ जीबी वा अधिक क्षमतेच्या पेनड्राइव्हवर तिच्यासाठी असलेल्या साधनाने लिहावी. नुसती कॉपी करून चालत नाही, आणि त्या पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व पुसले जाते, हे ध्यानात असावे. मग तो बिघडलेल्या संगणकास लावून सुरू करताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून पेनड्राइव्हवरून सुरुवात करावी. उबुंटू दोन पर्याय देते : वापरून पाहणे व बसविणे. येथे पहिलाच निवडावा. दुसरा निवडल्यास ज्या नोंदी वाचवायला निघालो, त्यांवरच आपण नवी प्रणाली ओतू.

आता पडद्यावर एक पाहुणा लिनक्स आला. टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके' ही आज्ञा दिली की जोडलेल्या सर्व डिस्क व त्यांचे विभाग आकारासह दिसतात. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांत टंकित कराव्या लागतात.) आकारावरून आपला विभाग ओळखता येतो. फाइल-व्यवस्थापकात त्यावर टिचकी मारली की तो उघडतो खरा, पण लिहिण्याच्या परवानगीसह उघडतो. सावधगिरीचा मार्ग म्हणजे 'माउंट' या आज्ञेने, 'आरओ' म्हणजे 'केवळ वाचन' हा पर्याय देऊन तो जोडणे. येथे एक बारकावा आहे. ईएक्सटी३ व ईएक्सटी४ या फाइलव्यवस्था बदल करण्यापूर्वी त्याची नोंद एका रोजनिशीत करतात. वीज अचानक गेल्यास पुढच्या वेळी ती रोजनिशी वाचून अपुरे काम पूर्ण केले जाते. केवळ वाचनासाठी जोडले तरी हे रोजनिशी-वाचन होते, म्हणजे डिस्कवर थोडे लेखन होतेच. तेही टाळायचे असल्यास 'नोलोड' हा आणखी एक पर्याय जोडावा. डिस्क धडधाकट असेल तर एवढी काटेकोर राहण्याची गरज नाही. शंका असेल तेथे अवश्य राहावे.

विभाग जोडल्यावर पुष्कळांना आणखी एक धक्का बसतो. आपल्या नावाच्या फोल्डरवर कुलपाचे चिन्ह दिसते व ते उघडत नाही. काही गेलेले नसते. त्या फाइलींचा मालक जुन्या प्रणालीतील आपण असतो आणि पाहुण्या प्रणालीच्या दृष्टीने आपण कोणी परके. आज्ञेपूर्वी 'सुडो' लिहून प्रशासकाचा अधिकार घेतला की कुलूप निघते. 'होम' या फोल्डरात पत्रे, छायाचित्रे, अहवाल सापडतात. ब्राउझरच्या खुणा वगैरे काही गोष्टी टिंबाने सुरू होणाऱ्या नावांच्या अदृश्य फोल्डरांत असतात. कंट्रोल व एच या कळा एकत्र दाबल्यास त्या दिसू लागतात.

परंतु डॉक्टरांच्या दृष्टीने खरा ऐवज होममध्ये नसतोच, आणि वाचवलेल्या नोंदी पुन्हा गमावल्या जातात त्या येथे. दवाखान्याचा प्रोग्राम रुग्णांची माहिती डेटाबेसमध्ये ठेवतो. डेटाबेस मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर ती माहिती सामान्यतः 'व्हार' या फोल्डरातील 'लिब' मध्ये 'मायएसक्यूएल' नावाने असते; पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर तेथेच त्या नावाने. बाह्मनीसारख्या व्यवस्थेत तर ओपनएमआरएसच्या वैद्यकीय नोंदी मायएसक्यूएलमध्ये आणि प्रयोगशाळेची व बिलांची माहिती पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये, अशी विभागणी असते. एकच घेऊन आलो तर अर्धा रुग्ण मागे राहिला! होम फोल्डर जपून उतरवून घ्यायचे, डिस्क निश्चिंत मनाने फॉरमॅट करायची आणि मग प्रोग्राम उघडल्यावर रुग्णांची यादी कोरी दिसायची, हा प्रकार मी स्वतः एका ठिकाणी पाहिला आहे. त्याला उपाय राहत नाही.

डेटाबेसचे फोल्डर उचलायचे ते संपूर्ण उचलावे. मायएसक्यूएलमध्ये आपल्या प्रोग्रामच्या नावाचे उप-फोल्डर दिसते व 'हेच ते' असे वाटून तेवढेच घेण्याचा मोह होतो. पण त्याच्याच बाहेर असलेल्या 'आयबीडेटा१' या फाइलीत आतल्या तक्त्यांचा हिशेब असतो. तिच्यावाचून उप-फोल्डर जवळजवळ निरुपयोगी. 'लॉग' असे नाव असलेल्या फाइलीही कचरा समजून वगळू नयेत, कारण वीज जाण्याच्या क्षणी अपुरे राहिलेले व्यवहार त्यांच्याच साहाय्याने पूर्ण होतात. दुसरी गोष्ट, मालकी व परवानग्या टिकल्या पाहिजेत. बाहेरची डिस्क विंडोजच्या पद्धतीची असेल तर नुसत्या कॉपीत त्या पुसल्या जातात. त्यासाठी 'टार' या आज्ञेने सर्व फोल्डर एका गाठोड्यात बांधावे व ते गाठोडे बाहेरच्या डिस्कवर ठेवावे. जुन्या फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, हेही मध्येच आठवते आणि पाऊण तास वाया जातो. शेवटी दुसऱ्या संगणकावर त्याच आवृत्तीचा डेटाबेस बसवावा, त्याची सेवा थांबवून गाठोडे जागेवर सोडावे, मालकी डेटाबेसच्या नावे करावी आणि सेवा सुरू करावी. आवृत्ती वेगळी असली की वाद सुरू होतात. म्हणून प्रोग्राम बसविणाऱ्याकडून आवृत्तीचा क्रमांक आजच लिहून घ्यावा.

माझ्या बाबतीत हे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जमले. त्या बाईंच्या नावापुढे 'आयब्युप्रोफेन' अशी नोंद निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा ती एका कागदावर ठळक अक्षरांत लिहून त्यांच्या बटव्यात ठेवायला दिली. नोंदी सुखरूप बाहेर आल्यानंतरच मी एफएससीके चालविले. दोन मिनिटांत संगणक पूर्ववत सुरू झाला. फॉरमॅटची गरज कधी नव्हतीच.

डिस्कच मरणोन्मुख असेल तर फाइली एकेक करून उचलण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक वाचनाबरोबर तिचे आयुष्य कमी होत असते. 'स्मार्टसीटीएल' ही आज्ञा डिस्कच्या आरोग्याचा अहवाल देते. त्यात बदललेल्या व प्रलंबित क्षेत्रांचे आकडे वाढते असतील तर लक्षण वाईट. अशा वेळी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे साधन वापरावे. ते डिस्कची तंतोतंत प्रतिमा दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढते. त्याची पद्धत आपत्कालीन कक्षातील वर्गवारीची आठवण करून देते : जे भाग सहज वाचता येतात ते आधी घ्यायचे, अडणारे भाग सोडून पुढे जायचे आणि शेवटी त्या अवघड भागांकडे पुन्हा वळायचे. कोठवर आलो याचा नकाशा ते एका फाइलीत ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पहिल्यापासून करावे लागत नाही. आपल्याकडे हा गुण लहान नव्हे. यानंतरची सर्व दुरुस्ती त्या प्रतिमेवर, तीही शक्यतो प्रतिमेच्या प्रतीवर करावी. टिक्-टिक् करणाऱ्या किंवा अजिबात न दिसणाऱ्या डिस्कवर मात्र घरगुती प्रयोग नकोत. ती धूलिमुक्त कक्ष असलेल्या विशेषज्ञ प्रयोगशाळेकडे पाठविण्याची बाब आहे, आणि तो खर्च सोसण्याजोग्या नोंदी आत आहेत काय, याचा विचार आधी करावा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. कृपया करू नये.

विभागांचा तक्ताच पुसला गेला असेल तर 'टेस्टडिस्क' तो पुन्हा शोधून देऊ शकते. तिचे भावंड 'फोटोरेक' नष्ट झालेल्या फाइली त्यांच्या अंतर्गत खुणांवरून शोधते. पण नावे व फोल्डर परत मिळत नाहीत. हजारो क्रमांकित फाइलींतून एक एक्स-रे हुडकणे म्हणजे काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक! शिवाय एसएसडी प्रकारच्या डिस्कवर पुसलेल्या जागा प्रणाली ठरावीक काळाने खरोखरच मोकळ्या करते. तेथे पुसलेले परत येण्याची आशा फार कमी.

येथवर वाचताना काही चाणाक्ष वाचकांच्या मनात एक शंका आली असेल. एका पेनड्राइव्हच्या बळावर मी परवलीच्या शब्दावाचून माझ्या सर्व रुग्णांच्या नोंदी वाचल्या, तर दुसरा कोणी का वाचू शकणार नाही? अवश्य वाचू शकेल. प्रवेशाचा परवलीचा शब्द डिस्कचे रक्षण करीत नाही. त्यासाठी 'लक्स' पद्धतीने संपूर्ण डिस्क सांकेतिक करावी लागते, आणि मग तो शब्द विसरला किंवा डिस्कच्या आरंभीचा लक्सचा शीर्षभाग बिघडला तर आपल्यालाही दार बंद. शीर्षभागाची प्रत निराळ्या ठिकाणी ठेवण्याची सोय 'क्रिप्टसेटअप' मध्ये आहे. ती न वापरता सांकेतिक डिस्क वापरणे धाडसाचे. मला विचाराल तर उचलून नेता येणाऱ्या लॅपटॉपवर सांकेतिक डिस्क हवीच. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता नियमांनी रुग्णाची गुपिते उघड करण्यास मनाई केली आहे, आणि दुरुस्तीसाठी म्हणून उघडी डिस्क दुकानात दोन दिवस ठेवणे त्या मनाईशी विसंगत आहे. दुरुस्तीस द्यायचेच झाले तर डिस्क काढून घेऊन उरलेले यंत्र द्यावे, किंवा समोर बसून काम करून घ्यावे. त्याच नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात व रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. 'संगणक बिघडला होता' हे उत्तर त्यात कोठे बसते, ते मला आढळले नाही.

त्या प्रसंगानंतर दवाखान्यात थोडा बदल केला. रोज रात्री डेटाबेसचा 'डंप', म्हणजे संपूर्ण मजकुराची एक फाइल, आपोआप तयार होते. ती सांकेतिक करून आठवड्यातून दोनदा बाहेरच्या डिस्कवर जाते आणि ती डिस्क दवाखान्यात न राहता घरी राहते. दर तीन महिन्यांनी एका जुन्या लॅपटॉपवर तो डंप प्रत्यक्ष उघडून पाहतो. पहिल्या खेपेस तो उघडला नव्हता; डिस्क भरल्यामुळे चार आठवडे शून्य आकाराच्या फाइली तयार होत होत्या. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली. अ‍ॅड्रेनलीन व हायड्रोकॉर्टिसोन ठेवतो त्या ट्रेशेजारच्या खणात लिनक्सचा एक पेनड्राइव्ह आहे. त्याला चिकटपट्टी लावून वर तारीख, डेटाबेसची आवृत्ती आणि हा संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करण्याची कळ लिहिलेली आहे. मी नसताना कंपाउंडरने तो एकदा स्वतःच वापरला, आणि मला संध्याकाळी सांगितले.